देवघेवीचं कपाट

कोल्हापूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सोनू,


तुझा परवाचा फोन अजून मनात घोळतोय. साताऱ्यातल्या तुमच्या आकाशदर्शन मंडळाला एका गृहस्थांनी साठेक पुस्तकं आणि एक दुर्बीण दिली, तुझ्या शाळेने जुनं लोखंडी कपाट देऊ केलं, आणि पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. तू म्हणतेस, हे सगळं सभासदांना घरी न्यायला मिळालं पाहिजे. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, वस्तू बाहेर गेली की गेली. शेवटी तू विचारलंस, "मावशी, तू एकतीस वर्षं ग्रंथपाल होतीस, तुमच्या मंडळाचं कपाटही सांभाळलंस. तूच सांग, कोणाचं खरं?" तेव्हा मी "दे गं, देत जा" एवढंच म्हटलं. पण एवढ्याने भागणार नाही. हाच प्रश्न इतर गावांतल्या मंडळांपुढेही असणार, म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहून छापायलाही देतेय.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते.

आमच्या मंडळाकडे चार इंची भिंगाची दुर्बीण आली, तेव्हा आम्ही तिला हार घातला, फोटो काढले आणि लाकडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली एकाच माणसाकडे असावी असं ठरलं आणि ती माझ्याकडे आली. कुणी मागायला आलं की मी सांगायची, "कार्यक्रमाला काढू." कार्यक्रम वर्षातून दोन किंवा तीन. चौथ्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली आणि टॉर्चचा उजेड भिंगावर तिरपा पाडून पाहिलं, तर कडेपासून मध्याकडे सरकलेले पांढरे, केसासारखे धागे. बुरशी! कोल्हापूरचा पाऊस, बंद पेटी आणि आत ओल धरून ठेवणारं मखमली अस्तर. आम्ही भिंग साफ करून घेतलं, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, त्याचे व्रण राहिले ते राहिलेच. त्या चार वर्षांत त्या भिंगातून चंद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजता येतील. ती दुर्बीण कुणी चोरली नाही, कुणाच्या हातून पडली नाही. मी जपली म्हणून गेली.

म्हणून तुमच्या ज्येष्ठांची भीती मला परकी वाटत नाही. वस्तू जिवापाड जपणाऱ्यालाच तसं वाटतं. पण जपण्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो. एस. आर. रंगनाथन हे आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा, की ग्रंथ उपयोगासाठी असतात. हे इतकं साधं विधान नियम म्हणून लिहावं का लागलं? कारण कधीकाळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने कपाटाला बांधलेली असत, आणि साखळ्या गेल्यावरही सांभाळणाऱ्यांच्या मनातल्या साखळ्या तशाच राहिल्या. ग्रंथालयशास्त्र शिकताना मी हा नियम पाठ केला होता. त्या पेटीसमोर बसल्यावर तो मला कळला.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडची बरीच मंडळं एखाद्या घटनेने जन्माला येतात. १९८६ चा हॅलेचा धूमकेतू, १९९५ आणि २००९ ची खग्रास सूर्यग्रहणं, २०२० च्या डिसेंबरातली गुरू-शनी युती. अशा वेळी मैदान माणसांनी फुलतं, वहीत शंभर नावं पडतात. सहा महिन्यांनी बैठकीला सात जण उरतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून टिकलेली संस्था विरळा. एवढा उत्साह जातो कुठे? मला वाटतं, माणसाला पुन्हा यायला काही निमित्तच उरत नाही. पुस्तक घरी नेलेला माणूस मात्र ते परत करायला येतोच. येतो तेव्हा दोन वाक्यं बोलतो, शेजारी उभ्या असलेल्याचं ऐकतो, दुसरं पुस्तक घेऊन जातो. एका देवघेवीत दोन भेटी होतात, तिसरीची सोय होते. देवघेवीचं कपाट हे मंडळाच्या येण्याजाण्याचं दार आहे, म्हणून ते उघडं हवं.

आता कामाचं बोलू. पुस्तकांपासून सुरुवात कर.

साठ पुस्तकं आली म्हणजे साठही कपाटात गेलीच पाहिजेत असं नाही. देणगीच्या गठ्ठ्यात कुंडलीची, राशिभविष्याची पुस्तकं हमखास निघतात, कारण आपल्या भाषेत 'ज्योतिष' या एकाच शब्दात दोन्ही घरं नांदतात. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात ती कधीच वेगळी झाली आहेत. खगोलशास्त्र ५२० मध्ये, फलज्योतिष १३३.५ मध्ये. देणाऱ्याचा मान राखून ती पुस्तकं परत कर. "आमच्या कपाटाचा विषय वेगळा आहे" एवढं सांगितलं की पुरतं, वाद घालू नकोस. पंचांगाचं गणित, कालगणना यांची पुस्तकं मात्र ठेव. त्यांची जागा ५२९. दुर्बिणी आणि निरीक्षणाची साधनं ५२२, ग्रह ५२३.४, सूर्य ५२३.७, तारे ५२३.८, अंतराळयानं ६२९.४. छोट्या कपाटाला एवढे सहा-सात क्रमांक पुरतात. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक दे, तो दाखल नोंदवहीत चढव, आणि मगच पुस्तक बाहेर काढ. हे सगळं मोबाईलवर करायलाही हरकत नाही, पण कपाटाजवळ एक बांधीव वही असू दे. वीज गेलेली असताना, अंधारात, गच्चीवर ती उपयोगी पडते.

मराठी पुस्तकं डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर लाव. डॉ. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' एकाच वेळी दोघांना हवं असतं, तेव्हा त्याच्या दोन प्रती ठेव. कुठे मिळालं तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास' मिळव. दापोलीजवळच्या मुरुडचा हा शिक्षक एकोणिसाव्या शतकात सामान्य मराठी वाचकासाठी आकाशावर लिहीत होता, हे तुमच्या मुलांना कळू दे. इंग्रजीत 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' नवख्याच्या हाती द्यायला उत्तम, कारण छोट्या दुर्बिणीतून एखादी गोष्ट खरोखर जशी दिसते तशीच त्यात रेखाटलेली आहे. रंगीत छायाचित्रं पाहून आलेला मुलगा दुर्बिणीत देवयानी दीर्घिकेचा फिकट धुरकट पट्टा पाहतो आणि हिरमुसतो. आधी ही रेखाटनं पाहिलेली असली, तर पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड त्याला ओळखू येतो.

नकाशे घेताना एक गोष्ट तपास. फिरतं नक्षत्रचक्र, ज्याला प्लॅनिस्फिअर म्हणतात, ते ठरावीक अक्षांशासाठी बनवलेलं असतं. आमच्याकडे कुणीतरी अमेरिकेहून आणलेलं एक होतं, ४० अंश उत्तरेचं. त्यात अगस्ती नव्हताच! तिथून तो क्षितिजावर येतच नाही. साताऱ्याहून मात्र फेब्रुवारीच्या रात्री तो दक्षिणेला सुमारे १९ अंश वर दिसतो, व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा. आपला अगस्ती नसलेला नकाशा मुलांना देऊ नकोस. १८ किंवा १९ अंशांचा घे, आणि त्याला प्लॅस्टिकचं आवरण घाल, कारण नकाशे वाचनालयात खराब होत नाहीत, दवात होतात.

आता दुर्बीण. इथे तुमच्या मंडळींचा श्वास अडकणार, म्हणून त्यांना एक खरी हकिकत सांग. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या हौशी खगोल मंडळाने २००८ मध्ये गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना दुर्बिणी द्यायला सुरुवात केली. पुस्तकासारखं कार्ड दाखवायचं आणि दुर्बीण घरी न्यायची. मार्क स्टोब्रिज यांची ही कल्पना पुढे कितीतरी राज्यांत गेली. त्यांनी निवडली साडेचार इंची आरशाची, टेबलावर ठेवायची छोटी दुर्बीण. वजन सहा किलोच्या आसपास, जोडणी जवळजवळ नाहीच. पण खरं शहाणपण पुढे आहे. सुटे भाग हरवतात म्हणून त्यांनी सुटे भागच ठेवले नाहीत. ८ ते २४ मिलिमीटरचा एकच झूम आयपीस पक्का बसवून टाकला, झाकणं दोरीने नळीला बांधली, सोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक दिलं. माणसावर संशय घेण्यापेक्षा वस्तू अशी तयार करायची की तिच्याबाबत चूक होणंच अवघड व्हावं. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही १८९० ची संस्था, तीही आपल्या सभासदांना उपकरणं उसनी देते. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीस.

तुम्हाला मिळालेली सहा इंची डॉब्सोनियन अशा कामाला चांगली. जॉन डॉब्सन रामकृष्ण संघाच्या मठात संन्यासी असताना भंगारातल्या काचेचे आरसे घासायचे, आणि १९६८ मध्ये त्यांनी सान फ्रान्सिस्कोत फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणारा गट उभा केला. लाकडी खोक्यात फिरणारी ही दुर्बीण त्यांनी रुळवली. ध्रुवाकडे रोख लावायला नको, मोटर नको. तुमची नळी १२०० मिलिमीटरची, म्हणजे २५ च्या आयपीसने ४८ पट, १० च्याने १२० पट. हे दोन पुरेत. पण नव्या माणसाला आधी तीही देऊ नकोस. आधी १० बाय ५०चं बायनॉक्युलर दे. त्यात कृत्तिका पाहिलेला माणूस दुर्बीण मागायला आपणहून येतो.

किती दिवसांसाठी द्यायची? पुस्तकाला पंधरा दिवस ठीक. दुर्बिणीचा हिशेब मी चंद्रावर ठेवते. शुद्ध तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंतची पाळी नवख्यांची. चंद्र संध्याकाळीच वर असतो, सापडायला सोपा, आणि रोज उजेडाची कड सरकते तशी नवी विवरं उठून दिसतात. वद्य पंचमीपासून शुद्ध द्वितीयेपर्यंतची पाळी जुन्या सभासदांची, कारण तेव्हा संध्याकाळ काळोखी मिळते आणि तारकागुच्छ, दीर्घिका शोधता येतात. मधल्या दिवसांत दुर्बीण परत येते, तपासली जाते, आरशांची जुळणी होते. महिन्याला दोन घरं, नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत चौदा घरं. माझ्या पेटीच्या चार वर्षांशी हे ताडून पाहा.

या चौदा घरांत काय घडतं, ते एका मुलाच्या चिठ्ठीवरून सांगते. आमच्याकडे परत करताना एक कागद भरायचा असतो: कुठून पाहिलं, काय पाहिलं, दुर्बिणीत काही बिघाड आढळला का. नववीतला एक मुलगा आठवडाभर आमची आरशाची दुर्बीण घेऊन गेला. ऊसतोडीला आलेल्या माणसांच्या खोपटांमागे त्यांचं शेत, तिथून त्याने पाहिलं. 'बिघाड' या रकान्यात त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, "चित्र उलटं दिसतं. मंगळवारी गुरूचे चार चंद्र होते, बुधवारी तीनच होते. मी काही केलेलं नाही." खाली दोन्ही रात्रींची चित्रं. एका गोलाशेजारी ठिपके, प्रत्येकाचं अंतर करंगळीने मोजून टाकलेलं.

तो कागद हातात घेऊन मी काही वेळ नुसतीच बसले. मग त्याला जवळ बसवलं. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तो बिघाड नाही, हे समजावलं. हरवलेला चंद्र त्या वेळी गुरूच्या मागे तरी असेल किंवा पुढून जात असल्याने त्याच्या उजेडात मिसळला असेल, त्या चौघांतला आयो तर सुमारे ४२ तासांत फेरी पुरी करतो, हेही सांगितलं. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये असेच ठिपके काढले होते, त्याचीही कधी तीन, कधी चार अशीच गणती झाली होती, हे ऐकल्यावर त्याने आपला कागद परत मागून घेतला. त्या दिवसापासून आमच्या माहितीपत्रकावर पहिली ओळ आहे: चित्र उलटं दिसेल, काळजी करू नका. तो मुलगा आता मोठा झालाय, शनिवारी कपाटाशी बसतो, आणि परत आलेला प्रत्येक कागद वाचून मगच पावती देतो.

नियम थोडे ठेव, पण ते सर्वांना सारखे असू देत. अनामत दुर्बिणीच्या किमतीएवढी लावू नकोस. तशी लावलीस तर जो विकत घेऊ शकतो त्यालाच उसनी मिळेल. विद्यार्थ्याकडून पैसे न घेता पालकाची किंवा शिक्षकाची सही घे. दुर्बीण नेण्याआधी प्रत्येकाने ती अंधारात एकदा स्वतः मांडावी, शर्मिष्ठेवरून देवयानीकडे जाऊन दाखवावं, आणि पुन्हा नीट पेटीत भरावी. भिंग किंवा आरसा कुणीही पुसायचा नाही, धूळ दिसली तरी नाही. फडक्याने पडलेला ओरखडा कायमचा. दवाने भिजलेली नळी घरी आणल्यावर लगेच झाकायची नाही, आधी कोरडी होऊ द्यायची. आणि सूर्याची गाळणी कपाटाबाहेर द्यायचीच नाही. तिला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी डोळा जाऊ शकतो. सूर्य पाहायचा तो सगळ्यांनी मिळून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, आधी गाळणी उजेडासमोर धरून तपासून आणि शोधक दुर्बिणीवर झाकण घालून. या एका बाबतीत तुमचे ज्येष्ठ 'नाही' म्हणतील, तेव्हा त्यांच्या बाजूने उभी राहा.

मृग लागला की सगळी उपकरणं घरी बोलाव. पावसाळ्यात त्यांना बंद पेटीत टाकू नकोस. कपाटात खालच्या खणात झिरोचा बल्ब लावून ठेव, आयपीसच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घाल, खड्यांचा रंग बदलला की त्या बदल, आणि दर पंधरवड्याला प्रत्येक भिंगावर टॉर्च तिरपा पाडून पाहा. त्या चार महिन्यांत पुस्तकं दुप्पट मुदतीला दे. आभाळ झाकलेलं असताना वाचलेलं दिवाळीनंतर कामाला येतं. वर्षाची मोजदाद, बांधणी, डेडस्टॉक रजिस्टर हेही तेव्हाच उरकून घे.

आणि माणूस. कपाट, पुस्तकं, दुर्बीण यांपेक्षा अवघड आहे ते दर शनिवारी ठरल्या वेळी कपाटाशी बसणारा माणूस मिळणं. माझे वडील मला करवीर नगर वाचन मंदिरात न्यायचे, १८५० साली सुरू झालेलं वाचनालय ते. पुस्तक देणारे गृहस्थ मला विचारायचे, "मागचं आवडलं का?" तो प्रश्न मला प्रत्येक पुस्तकापेक्षा जास्त आठवतो. तुमच्या मंडळात दोघांची नावं ठरव, एक आजारी पडला तर दुसरा. किल्ल्याही दोन कर. पाचला उघडणार म्हटलं की पाचला उघडायचं, एकच माणूस आला तरी. दोनदा बंद दार पाहिलेला सभासद तिसऱ्यांदा येत नाही.

आता तुमच्या ज्येष्ठांना दाखवायला माझा हिशेब. कुलूप काढून आम्ही देवघेव सुरू केली त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत दोन पुस्तकं परत आली नाहीत, एक आयपीस हरवला, एक बायनॉक्युलर पडून त्यात दोन चंद्र दिसू लागले, ते दुरुस्त करून घेतलं. बाहेर दिल्याने झालेलं नुकसान एवढंच. न दिल्याने चार वर्षांत एक अख्खी दुर्बीण गेली. ज्यांनी तेव्हा मागितली आणि ज्यांना मी परत पाठवलं, ती माणसं पुन्हा आली नाहीत. त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, पण माझ्या लेखी खरा तोटा तो आहे.

तेव्हा येत्या शनिवारी कपाट उघड, सोनू. बैठकीत जे सगळ्यात जोराने 'नाही' म्हणाले त्यांना आधी बोलाव, त्यांच्या आवडीचं पुस्तक त्यांच्या हातात दे, आणि वहीतली पहिली नोंद त्यांच्या नावाने कर. दुर्बिणीची पहिली पाळी मात्र तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला दे. दोघंही परत करायला येतील, तेव्हा तू तिथे बसलेली अस.

तुझी,
मावशी